सायप्रसचा कौल

टीव्हीवर निकाल आला आणि उल्हासच्या तोंडून निघून गेलं, "सुटलो बुवा!"

मनीषानं पोळी तव्यावर तशीच सोडून मागे वळून पाहिलं. "कोण सुटलं?"

त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला. सायप्रसचे दोन तुकडे पुन्हा जोडायचे का, यावर आज बेटावर मतदान झालं होतं. उत्तरेकडच्या तुर्कांनी हो म्हटलं होतं, दक्षिणेकडच्या ग्रीकांनी नाही. म्हणजे बेट तुटलेलंच राहणार. आणि उत्तरेला समुद्राकाठी उल्हासनं मागच्या हिवाळ्यात घेतलेला बंगलाही राहणार. ते राहत होते त्या लंडनच्या मानानं तो फारच स्वस्त पडला होता. का, ते त्यानं घेताना फारसं खोदून विचारलं नव्हतं. ती जमीन ज्यांची, ती ग्रीक माणसं तीस वर्षांपूर्वी तुर्की फौज उतरली तेव्हा नेसत्या वस्त्रांनिशी पळाली होती. देश एक झाला असता, तर ती माणसं जमीन परत मागायला आली असती.

बेल वाजली. दारात शेजारची एलेनी.

तीही त्या पळालेल्यांपैकीच. बंगल्याची जमीन तिची नव्हती, तिच्या शेजारच्या गावातल्या कुणाची तरी होती. उल्हास-मनीषाची लेक तनू सहा महिन्यांची असल्यापासून ही दोघं कामावर गेली की एलेनीच तिला बघायची. यांनी सुट्टीसाठी 'टर्कीत' काहीतरी घेतलंय, एवढंच तिला ठाऊक होतं.

"आमच्याच माणसांनी नाही म्हटलं रे," ती सोफ्यावर बसली आणि तिचा बांध फुटला.

उल्हास तिच्या शेजारी टेकला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "आंटी, गेल्या वर्षी हद्द उघडली ना? एकदा गाव बघून तरी यायचं."

"स्वतःच्या घरी जायला पासपोर्ट दाखवू?"

बंगला बघायला जाताना त्यानं तो दाखवला होता. रांगेत थट्टामस्करी करत.

"माझ्या घरात आता एक तुर्की कुटुंब राहतं," एलेनी नाक पुसत म्हणाली. "त्यांनाही दक्षिणेतून हाकलून दिलेलं. त्यांच्यावर माझा राग नाही, ती बिचारी तरी कुठे जाणार? पण इथली माणसं तिथे बंगले घेतायत म्हणे. सुट्टीला जायला! त्यांना झोप कशी लागते रे?"

उल्हासला मान वर करवेना. डोळे भरून आले. एलेनीनं ते पाहिलं आणि त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"माझ्या मुलांनासुद्धा एवढं लागलं नाही," ती म्हणाली.

मनीषा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. ती मराठीत म्हणाली, "तू सांगतोस, की मी सांगू?"

"काय म्हणतेय ती?" एलेनीनं विचारलं.

उल्हास म्हणाला, "म्हणतेय, आता जेवूनच जा."

मनीषा त्याच्याकडे बघत राहिली. मग आत गेली. आणखी एक ताट घेतल्याचा आवाज आला.

टेबलाशी बसल्यावर एलेनीनं डोळे मिटून कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली आणि म्हणाली, "देव तुमचं घर राखो."