हीर कुणाची?

"हीर कुणाची हाय?" ग्यानोबांनी विचारलं.

"कुणाची का असेना, बाबा. तहान लागलीय. समोर विहीर आहे, दोर-बादली आहे. आसपास चिटपाखरू नाही. काय कराल?" शिवशंकरने तोच प्रश्न पुन्हा विचारला.

ग्यानोबा विचारात पडले. "वाट बघीन. कुणीतरी यील की."

शिवशंकरने शून्य मार्क लिहिले. तो लातुरातला नावाजलेला मानसशास्त्रज्ञ. परदेशी चाचण्या आपल्या माणसांना लागू पडत नाहीत, असं तो भाषणांतून ठणकावून सांगायचा. म्हणून त्याने स्वतःची चाचणी तयार केली होती. परदेशी चाचणीतला थिएटरला लागलेल्या आगीचा प्रश्न काढला, तिथे विहीर घातली. आपल्या मातीतली चाचणी, असं तो म्हणायचा आणि जरा फुशारकीनेच म्हणायचा.

ग्यानोबांची लेक महामाया शेजारी बसली होती. गावच्या घरी ते एकटे राहायचे आणि हल्ली गॅस बंद करायला विसरायचे. डोकं ठिकाणावर आहे असं ठरलं, तर त्यांना निलंग्याकडे परत जाता येणार होतं. नाहीतर कायमचं लेकीच्या फ्लॅटमध्ये. नातवंडांची नावं, आजचा वार, एसटीच्या वेळा, सगळं त्यांनी धडाधड सांगितलं होतं. गाडी अडली ती विहिरीपाशी.

"साधी समज राहिली नाही," शिवशंकर तिला हळूच म्हणाला. "एकटं ठेवू नका."

महामायाचा चेहरा उतरला. बाबा असं का म्हणाले ते तिला पक्कं ठाऊक होतं. पण या एसी खोलीत ते बोलून दाखवायची तिला लाज वाटली. आणि अशी लाज वाटते, याची तर जास्तच वाटली.

"बाबा, काढून पिईन म्हणा ना," ती पुटपुटली.

"बरं, समजा आमचीच विहीर आहे," शिवशंकर हसत म्हणाला. "आमच्या गावची, बोरदरीची, पाटलांच्या मळ्यातली. आता तरी प्याल?"

ग्यानोबा खुर्चीतून उठून उभे राहिले. "म्हंजी तुमी नरहरी पाटलाचे नातू?"

"हो. ओळखता आजोबांना?"

"वळखतो की. माझी माय घागर घेऊन त्या हिरीपासून लांब बसायची. वरून कुणी वतलं तर पाणी. येकदा लई तहान लागली म्हून म्या दोराला हात लावला. तुमच्या आज्यानं लई मारलं."

शिवशंकरचे कान तापले. प्रश्न सुचला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर हीच विहीर होती. ती सगळ्यांची असते, असं त्याला खरंच वाटलं होतं. शरमेनं त्याची मान वर होईना.

"बसा ना, बाबा," तो कसाबसा म्हणाला.

ग्यानोबा उभेच राहिले. त्यांना फक्त घरी जायचं होतं.

"चुकलं असंल तर बदलतो, सायेब. पर तुमच्या आज्यानं तर हेच शिकवलं व्हतं."