गणिताच्या बाईंचं फोल्डर

मोठ्या बाईंचा फोन आला तेव्हा सर्व्हरवाल्याला वाटलं, कौतुकाचा असेल. शनिवारी त्याने शाळेचा अख्खा जुना सर्व्हर नव्यावर हलवला होता. फोल्डर, त्याच्या पोटातलं फोल्डर, त्याच्याही पोटातलं. सगळं एका स्क्रिप्टच्या, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या जिवावर, स्वतः आरामात चहा पीत. पण फोन कौतुकाचा नव्हता. दहावीचा गणिताचा पेपर परीक्षेआधीच मुलांच्या मोबाइलवर फिरत होता.

शाळेत पोहोचल्यावर त्याने आधी स्क्रिप्ट उघडली आणि चूक लगेच दिसली. फायलींबरोबर त्यांच्या परवानग्याही, म्हणजे कोणती फाइल कोणी उघडायची तेही, जसंच्या तसं न्यायला सांगणारं एक अक्षर असतं. करून बघताना ते त्याने काढलं होतं आणि परत घालायचं राहूनच गेलं. सामान नव्या घरी गेलं, कुलपं जुन्या घरीच राहिली. शिक्षकांची फोल्डरं, गणिताच्या पेपरसकट, मुलांच्या कॉम्प्युटर लॅबमधून सताड उघडी होती.

त्याने ते अक्षर घालून स्क्रिप्ट पुन्हा चालवली. सगळी फोल्डरं पुन्हा कुलूपबंद झाली. आता जाऊन सांगून टाकायचं, असं त्याने मनाशी ठरवलंही. पण ऑफिसात पाऊल टाकलं आणि धीर सुटला. हे बाहेर पडलं असतं तर या शाळेचंच काय, गावातल्या एकाही शाळेचं काम त्याला मिळालं नसतं.

आत गणिताच्या बाई उभ्या होत्या. त्यांचा सख्खा भाचा दहावीत, त्यामुळे कोणी काही न बोलताही सगळं बोलून झालं होतं. मोठ्या बाईंनी सर्व्हरवाल्याला लॅबमधून बाईंचं फोल्डर उघडून बघायला सांगितलं. अर्थातच ते उघडलं नाही. मग विषयच संपला. पेपर काढायचं काम बाईंकडून काढून घेतलं गेलं, आणि हा पठ्ठ्या बुटांकडे बघत उभा राहिला.

तो निघाला तेव्हा बाईंनी त्याला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"जरा दाखवता का मला, फोल्डर बंद कसं करायचं? निदान बाकीच्या फायली तरी नीट राहतील."

तो शेजारी बसला. त्याने माउसकडे हात नेला. तेवढ्यात बाईंनीच सगळं करून दाखवलं, अगदी बिनचूक.

"मी तर दरवेळी असंच करते हो," त्या म्हणाल्या. "मग माझं चुकतंय कुठे?"