वावचा पाय

प्रार्थना चालवणारे आहारोन हझान धर्मग्रंथ सुरात वाचत होते. शेजारी उभ्या असलेल्या एलियाहूने अचानक त्यांच्या हातातली, ओळीवरून फिरणारी चांदीची काडी अडवली.

"इथं बघा. वावचा पाय तुटलाय."

औरंगाबाद छावणीतली ज्यू कुटुंबं ज्या घरात प्रार्थनेला जमत, त्याच्या पुढच्या खोलीत सगळे पुरुष सेफरवर वाकले. सेफर, म्हणजे तोरा या धर्मग्रंथाची ती चर्मपत्राची गुंडाळी, फार जुनी होती. शाईचा पोपडा निघून वाव हे हिब्रू अक्षर आखूड झालं होतं. ते वाव होतं की त्याच्यासारखंच पण आखूड असलेलं योद, सांगता येत नव्हतं. एक अक्षर बिघडलं तरी अख्खा सेफर वाचनातून बाद होतो. दुसरा सेफर नव्हता. तो शनिवार, विश्रांतीचा शब्बाथ होता; त्या दिवशी लिहायचं नसतं, म्हणून शाई लावणंही शक्य नव्हतं.

आणि हे गावातलं शेवटचं वाचन होतं. निम्मी कुटुंबं इस्राएलला गेली होती, उरलेली या आठवड्यात निघणार होती. वाचनाला दहा पुरुष लागतात, म्हणून हझानांची बायको सिपोराबाई यांनी निरोप धाडून एलियाहूला कालच मनमाडहून बोलावून घेतलं होतं. निजामाच्या राज्यापासून इथे वाचत आलेल्या नवऱ्याला हे शेवटचं वाचन मिळावं, एवढंच त्यांना हवं होतं.

"लहान मूल आणा," शालोमभाऊ म्हणाले. ते सर्वांत वडील होते. "अक्षरं येणारं, पण अर्थ न कळणारं. आपल्याला वाक्य ठाऊक असतं, तुटलेलं अक्षर आपलं मन जोडून घेतं. मूल दिसतं तेवढंच सांगतं. ते म्हणेल ते मानायचं."

"मूल कुठलं आता?" एलियाहू म्हणाला. "पोरंबाळं असलेली घरं आधीच गेली."

या घरांत शनिवारी विस्तव पेटवत नाहीत, म्हणून चूल पेटवायला येणारी साळूबाई दारातून म्हणाली, "माझा नातू आणू का? लई चुणचुणीत हाय."

"त्याला हिब्रू येतं का?"

"त्याला मराठी बी येत नाय अजून. पण अर्थ कळायची भीती नाय बघा."

सगळे हसले. आहारोनही हसले, जरा उशिरा.

"हझानसाहेब, तुम्ही काय म्हणता?" शालोमभाऊंनी विचारलं.

"थकलेत ते," सिपोराबाई बायका बसल्या होत्या तिथून म्हणाल्या. गेलं वर्षभर नवऱ्याला विचारलेल्या प्रश्नांना त्या स्वतःच उत्तरं देत होत्या.

मूल नाही, म्हणजे वाचनही नाही; शालोमभाऊ सेफर गुंडाळू लागले.

"थांबा, भाऊ." सिपोराबाई पुढे आल्या. त्यांनी रुमालांनी ओळ झाकली, तेवढं एक अक्षर उघडं ठेवलं. नवऱ्याचा हात धरून त्यांना जवळ आणलं. "हे कुठलं अक्षर? सांगा बरं."

"वाव," आहारोन लगेच म्हणाले.

"वहिनी, ते हझान आहेत," एलियाहू म्हणाला. "त्यांना अर्थ कळतो."

"वर्षभर कळत नाही. सूर तेवढा उरलाय, अक्षरं उरलीत. मी कोण, हे कधी कधी सकाळी सांगावं लागतं." त्यांनी रुमाल उचलले. "आता वाचू द्या त्यांना."

शालोमभाऊंनी सेफरकडे पाहिलं, मग एकेका पुरुषाकडे.

"सेफर शुद्ध आहे, वहिनी," ते म्हणाले. "पण समज गेलेला माणूस दहांत धरता येत नाही. आपण नऊच आहोत."