मामांनी बसवलेला स्पॉयलर

“डिकी उघडा आणि बाजूला उभे राहा,” मामा म्हणाले.

शेजाऱ्याने हातातल्या किल्लीने डिकी उघडली आणि तो मुकाट्याने बाजूला झाला. बिचारा नुकताच जिना उतरून मागच्या आवारात आला होता. पांढऱ्या गाडीच्या मागे उकिडवा बसलेला अनोळखी माणूस पाहून तो दचकला होता, पण मामांनी त्याला तोंडच उघडू दिलं नव्हतं. “किल्ली तुमच्याकडे ठेवून गेली होय? भाची आहे माझी. सगळी व्यवस्था करून जाते, माझ्यावर गेलीय,” असं म्हणत त्यांनी पिशवीतून ड्रिल काढलं होतं.

मामांनी उभा जन्म बसच्या बॉड्या बांधण्यात घालवला होता. पत्र्याला पत्रा जोडावा तर त्यांनीच. भाची म्हणजे त्यांचा जीव की प्राण. गेल्या वर्षीच्या गाड्यांच्या शर्यतीत ती सगळ्यांच्या पुढे होती आणि ऐन शेवटच्या वळणावर तिचा स्पॉयलर उडाला. वेगात गाडीची मागची बाजू रस्त्याला दाबून धरणारा, डिकीवरचा तो आडवा पंखच गेल्यावर गाडी भेलकांडली. पंचांनी तिला शर्यतीतून बाद केलं आणि मागून येणारा आयता पहिला आला. पोरगी कित्येक दिवस नीट जेवली नाही. दुकानदाराने स्पॉयलर नुसत्या चिकटपट्टीवर बसवला होता, हे कळल्यापासून मामा धुमसत होते.

उद्या पुन्हा शर्यत होती. या खेपेला मामांनी स्पॉयलर स्वतः घडवला आणि भाचीने दुपारी या म्हटलं असताना ते सकाळीच येऊन धडकले. भाचीच्या दाराला कुलूप होतं. गाडी तर खाली आहे ना, मग पोरीचं काय काम, असं म्हणून ते थेट कामाला लागले.

त्यांनी डिकी पुसली. मग स्पिरिटने पुसली. मग बोट फिरवून पाहिलं आणि पुन्हा पुसली. मधोमध रेघ मारली, कागदाचा नमुना चिकटवला आणि दोन्ही टोकांपासून माप घेतलं.

“मामा, एक सांगायचं होतं...” शेजारी म्हणाला.

“भोक पाडताना मी श्वाससुद्धा घेत नाही आणि तुम्ही गप्पा मारताय!”

ड्रिल घुर्रर्र करत पत्र्यात शिरलं. शेजाऱ्याने क्षणभर डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा मामा बारीक कानशीने भोकाची कड घासत होते, आईने बाळाची नखं कापावीत इतक्या हळुवारपणे. मग इवल्याशा ब्रशने त्यांनी उघड्या कडेला रंग लावला.

“हे कशाला?” शेजाऱ्याने विचारलं.

“पत्रा उघडा राहिला की गंज धरतो. आज दिसणार नाही. दोन पावसाळ्यांनी दिसेल, आणि तेव्हा माझ्या नावाने खडे फोडाल.”

शेजारी त्या भोकाकडे बघत राहिला. मग त्याने घड्याळ काढून खिशात टाकलं, बाह्या वर केल्या आणि म्हणाला, “मी काय धरू?”

मामा खूश झाले. मदतीला असा उत्साही माणूस मिळायला भाग्य लागतं. पुढची भोकं पाडून, कडा रंगवून झाल्यावर त्यांनी स्पॉयलरच्या पायांना फट बुजवणारं सिलंट लावलं, रबरी वायसर घातले, वरून बोल्ट सोडले. शेजाऱ्याने डिकीत डोकं घालून आतून नट फिरवले. मामा सांगतील तितकेच, थोडे इकडचे, थोडे तिकडचे.

“एकदम नाही आवळायचं, पत्रा रुसतो.”

“वळणावर टिकेल ना? अगदी जोरात घेतलं तरी?”

“भाऊ, गाडी उलटेल, पण हा हलणार नाही. आणि तो गेल्या वर्षीचा लुंगासुंगा उद्या हिच्या मागे धूळ खात येईल, बघा!”

शेजाऱ्याने डिकीत डोकं आणखी आत घातलं. त्याचं सगळं लक्ष शेवटच्या नटाकडे होतं.

मामांनी स्पॉयलर दोन्ही हातांनी धरला आणि अंगातली सगळी ताकद लावून ओढला. आख्खी गाडी डुलली, स्पॉयलर मात्र जागचा हलला नाही. शेजाऱ्याने त्यांना मनापासून हात जोडले. “मामा, असं काम मी आजवर पाहिलं नाही,” तो म्हणाला आणि त्यात रतीभरही खोटं नव्हतं. “एक चक्कर मारून पाहू?”

“हात बसलाय ना या गाडीवर?”

“चांगलाच.”

“मग सावकाश न्या. सिलंट अजून ओलं आहे.”

गाडी फाटकातून बाहेर पडली. तिच्या पाठीवर तो काळाभोर स्पॉयलर असा शोभत होता की मामांना गहिवरून आलं. ते हात पुसतायत तोच दुसरी पांढरी गाडी आवारात शिरली. तीच बनावट, तीच ठेवण, डिकी मात्र बोडकी. आतून भाची उतरली.

“मामा! इतक्यात आलात? मी टायर बदलायला गेले होते. कुठाय माझा स्पॉयलर?”

मामांनी रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं. “इथे... पांढरी गाडी होती ना?”

“ती वरच्या मजल्यावरच्याची. नंबर नाही पाहिलात?”

“नंबर मी कधी पाहिलाय? मी पत्रा पाहतो.”

भाची मटकन पायरीवर बसली. “मामा, गेल्या वर्षी माझ्या मागून येऊन जिंकला, तो हाच. तुम्ही जाऊन भांडाल म्हणून तुम्हाला बोलले नव्हते.” मग तिने स्वतःला सावरलं. “जाऊ दे. येईल ना तो आत्ता परत, आपण काढून घेऊ.”

मामांनी मान खाली घातली. डोळ्यांत पाणी होतं, तरी आवाजातला अभिमान काही त्यांना लपवता आला नाही.

“तो आता निघायचा नाही, बाळा.”