खांद्याचं माप

"आता दर मंगळवारी मी यायची गरज नाही, मावशी," म्हणत सिस्टरने टेबलावर काडेपेटीएवढं यंत्र ठेवलं. त्यात बोट घातलं की नाडीचे ठोके आपोआप आरोग्य केंद्रात पोहोचणार होते.

मावशींनी ते यंत्र बोटाने लांब सरकवलं. इतके दिवस ही पोरगी मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी बघायची. सोमवारपासूनच मावशी आपल्या त्या हाताला तेल चोळून ठेवायच्या.

सगळी गल्ली त्यांना टेपमावशी म्हणायची. तान्ह्याच्या झबल्यापासून म्हाताऱ्याच्या बंडीपर्यंत सगळं त्यांनीच शिवलं. जन्मभर लोकांचे खांदे, गळे, मनगटं मापली. मग नजर अधू झाली, शिलाई मशीनवर चादर पडली आणि माणसाला हात लावायचं निमित्तच संपलं. आठवड्याची ती दोन बोटं, एवढाच काय तो आता माणसाचा स्पर्श.

त्यांनी यंत्राला नावं ठेवून पाहिली. गार लागतं, बोटाला चावतं, दिसायलाही मेलं काळंकुट्ट. सिस्टर हसली, पण वरून हुकूम आला होता, तिचाही इलाज नव्हता. ती पिशवी उचलून दाराकडे वळली. मावशींच्या तोंडून निघून गेलं, "तुझा कोट खांद्यात उतरलाय गं. थांब, माप घेते."

टेप खुंटीवरच होती. मावशींनी पाठीची उंची घेतली, बाही घेतली, शेवटी खांद्याला टेप लावून अंगठ्याने दाबून धरली. आकडे मोठ्या रुबाबात सांगितले. खरं तर एकही आकडा दिसत नव्हता. टेपच्या दोन्ही टोकांचा पत्रा बोटाला सारखाच लागतो, त्यामुळे सुरुवात कुठली आणि शेवट कुठला, तेही कळत नव्हतं. आपली चोरी आत्ता पकडली जाईल, या धास्तीने त्यांनी टेप आणखी घट्ट धरली.

सिस्टर पाठमोरी उभी होती. हिच्या घरी कोण कोण असतं, हे आपण कधी विचारलंच नाही, असं मावशींच्या मनात आलं.

तेवढ्यात हाताखालचा खांदा हलला. पोरगी रडत होती.

"टेप उलट्या टोकाने धरलीय तुम्ही, मावशी," खांद्यावर आलेल्या टोकाचा आकडा बघून ती मागे न वळताच म्हणाली. "असू दे. पुन्हा एकदा मोजा."