उभा छेद, आडवा छेद

भिवंडीच्या हॉस्पिटलात सोनोग्राफी शिकणाऱ्या डॉक्टरांपैकी नेत्रा सरावासाठी पेशंट बनून टेबलावर झोपली. सरांनी तिच्या गळ्यावर गार जेल लावून प्रोब टेकवला. "हा आडवा छेद, म्हणजे प्रोब आडवा धरून घेतलेलं चित्र. काळं गोल दिसतंय ती शीर. उभ्या छेदात तीच नळीसारखी लांब दिसते." बोलता बोलता सरांचा हात थबकला. स्क्रीनवर आणखी एक काळपट गोल होता. उभा छेद घेतला, तरी तो गोलच राहिला. म्हणजे ती शीर नव्हती. "सर, मी सांगते!" नेत्राबरोबर शिकणारी मेघाली उत्साहानं म्हणाली. "हायपोएकोइक, म्हणजे काळपट दिसणारी गाठ. कडा वेड्यावाकड्या, आत पांढरे ठिपके. म्हणजे कॅन्सर..." टेबलावर मैत्रीण आहे हे आठवून तिनं जीभ चावली. सर स्क्रीन भिंतीकडे वळवू लागले. बाहेरच्या यंत्रमागांचा खडखडाट नेत्राच्या अंगात शिरल्यासारखा झाला. तिनं त्यांचं मनगट धरलं. "माप घ्या, सर. मला बघू द्या."