जादा पान

"हरवलेलं अस्वलाचं पिल्लू गुहेशी पोचलं आणि म्हणालं, 'मुलांनो, मोठ्यांचं नेहमी ऐकावं.'"

वाचता वाचता आजीनं मान वर केली. इतका वेळ तिला चिकटून बसून तिनं लिहिलेली नवी कादंबरी ऐकणारी नात आता चपला शोधत होती.

"अगं, एकच पान राहिलंय."

"त्यात पिल्लू असंच बोलतं ना? मग मी खेळायला जाते."

झांजांची दोरी बदलणारा आजीचा कीर्तनकार भाऊ हसला. "ताई, आम्ही उपदेश आधी, पूर्वरंगात उरकतो. उत्तररंगात आख्यान, ते संपलं की आरती. पुन्हा उपदेशाला लागलो, तर माणसं चपलाच शोधतात."

हस्तलिखित उद्या प्रकाशकाकडे जायचं होतं. आजीनं पिल्लाचं ते वाक्य खोडलं आणि उपदेशाचं शेवटचं, आपलं सगळ्यात आवडतं पान काढून ठेवलं.

"पिल्लू गुहेशी पोचलं. संपली गोष्ट."

नात दारातून वळली. "पण आत त्याची आई होती का?"

आजीनं कोरा कागद ओढला.